आमच्यामागे त्याचं काय? कोकणातल्या स्वमग्न प्रौढांच्या घरच्यांनी करायची तयारी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य फिरतं: ‘ऑटिझम असलेली माणसं सरासरी ३६ वर्षं जगतात.’ दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या घरात पंचविशी-तिशीचा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात ते कधी ना कधी पोचतंच. आई ते वाचते, मोबाइल पालथा ठेवते आणि कुणाशी बोलत नाही. म्हणून आधी या आकड्याचा निकाल लावू, मग कामाला लागू.

आकडा नीट वाचा

अमेरिकेत १९९९ ते २०१४ या काळात ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ऑटिझमची नोंद होती, अशा १,३६७ माणसांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ३६ निघालं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं आणि तिथून जगभर पसरलं. पण ऑटिझमचं निदान मोठ्या प्रमाणावर व्हायला लागलं तेच १९९० च्या दशकानंतर. त्यामुळे निदान झालेली बहुतेक माणसं त्या काळात मुळातच लहान किंवा तरुण होती. साठीची स्वमग्न माणसं तेव्हाही होती, त्यांच्या कागदावर तसं कुणी लिहिलं नव्हतं इतकंच. पाच वर्षांपूर्वी लावलेल्या हापूसच्या कलमांपैकी जी मेली त्यांचं सरासरी वय काढलं तर दोन-तीन वर्षं येईल. त्यावरून हापूस तीन वर्षं जगतो असं कुठला बागायतदार म्हणेल?

स्वीडनमध्ये २०१६ साली सत्तावीस हजारांवर स्वमग्न व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. मृत्यूचं सरासरी वय ५४ च्या आसपास आलं, बाकीच्या लोकांचं ७०. सोबत बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं ४० च्याही किंचित खाली. हेही फक्त त्या काळात वारलेल्यांचं सरासरी वय आहे, तेव्हा हापूसचा हिशेब इथेही थोडा लागू पडतो. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी खरंखुरं अपेक्षित आयुर्मान काढायचा प्रयत्न केला. बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न पुरुषांचं ते सुमारे ७५ आणि स्त्रियांचं ७७ आलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांचं ७२, स्त्रियांचं ७०. तिथल्या सर्वसाधारण लोकांचं अनुक्रमे ८० आणि ८३ धरलं होतं. म्हणजे फरक आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो जास्त आहे, पण ३६ ची भीती उराशी धरून बसायचं कारण नाही. देश वेगळा, दवाखाने वेगळे, त्यामुळे हे आकडे रत्नागिरीच्या माणसाला जसेच्या तसे चिकटवायचेही नाहीत.

स्वीडनच्या अभ्यासातला महत्त्वाचा भाग मात्र कुणी पुढे पाठवत नाही. माणसं कशाने गेली? बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये फिट येण्याच्या आजाराचा वाटा मोठा होता. ती नसलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या नऊपटींहून जास्त होता. शिवाय हृदय, श्वसन, पचन अशा जवळजवळ सगळ्याच कारणांनी मृत्यू जास्त. या यादीतलं बरंचसं वेळेवर गोळी, वेळेवर तपासणी, वेळेवर कुणीतरी विचारपूस करणं यावर अवलंबून आहे. पुढचा सगळा लेख त्याच यादीचा पाठलाग आहे. क्रम ठरवताना मी ‘जीव आधी, कागद नंतर’ असा ठेवलाय, कारण बहुतेक घरांत उलटं होतं: पेन्शनच्या अर्जासाठी वर्षभर खेटे घालतात आणि विहिरीला जाळी तेवढी राहून जाते.

पहिली पायरी: आठवडाभर वही

‘त्याला किती मदत लागते?’ असं विचारलं की घरचे म्हणतात, ‘तसं काही नाही, सगळं आपापलं करतो.’ खरं चित्र बघायचं तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे भावाने, वहिनीने, सुट्टीवर आलेल्या बहिणीने, सात दिवस आईच्या मागे वही घेऊन फिरावं. आई काय काय करते ते लिहावं. आंघोळीचं पाणी काढून ठेवलं. शर्ट सुलटा करून दिला. माशाचा काटा काढून दिला. ‘गोळी घेतलीस?’ असं दोनदा विचारलं. पाहुणे येणार हे सकाळीच सांगून ठेवलं, नाहीतर दुपारी गोंधळ झाला असता. ही कामं आईला कामं वाटतच नाहीत, म्हणून ती कुठल्याच अर्जात येत नाहीत आणि तिच्यामागे कुणाला ठाऊकही नसतात.

नंतर प्रत्येक कामापुढे चारांपैकी एक शेरा लिहा: स्वतः करतो, आठवण करून द्यावी लागते, हाताशी कुणी लागतं, पूर्ण करून द्यावं लागतं. यात हुशारीचा संबंध आणू नका. सिंधुदुर्गात मी असा तरुण पाहिलाय, ज्याला कोकण रेल्वेचं वेळापत्रक पावसाळी बदलासकट पाठ आहे, पण तहान लागल्याचं त्याला कळत नाही. पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो. त्याच्या वहीत ‘पाणी: आठवण’ ही नोंद बाकी सगळ्यापेक्षा मोलाची.

या वहीतून शेवटी एकच पान तयार करायचं. नाव, रक्तगट, आजार, औषधं मात्रेसह, कशाची ॲलर्जी, कसं बोलतो किंवा बोलत नाही, दुखलं की काय करतो, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, कुणाला फोन करायचा. त्याच्या प्रती एक घरात, एक शेजाऱ्यांकडे, एक मुंबईच्या भावाच्या मोबाइलमध्ये. रात्री दोन वाजता जिल्हा रुग्णालयात नव्या डॉक्टरसमोर उभं राहायची वेळ आली की हे पान बोलतं.

दुसरी पायरी: पाणी

कोकणात राहणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. अनेक स्वमग्न माणसांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि कुणाला न सांगता चालू पडायची सवय असते. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात १५ वर्षांखालच्या स्वमग्न मुलांचा बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट आढळला. मोठेपणी धोका कमी होतो, संपत नाही. आणि आपल्या घरांभोवती काय आहे? परड्यात विहीर, खाली पऱ्या, पुढे खाडी, त्यापलीकडे समुद्र. पावसाळ्यात पऱ्याचं पाणी तासाभरात चढतं.

विहिरीला कमरेइतका कठडा आणि वर लोखंडी जाळी, तीही बिजागरीची आणि कुलूप लावता येईल अशी. पाणी काढायला जाळी रोज उघडावी लागत असेल तर पंप बसवा, पण जाळी उघडी राहू देऊ नका. शेजारच्या पडक्या विहिरीचाही बंदोबस्त करा. ती ‘त्यांची’ आहे म्हणून सोडू नका, ग्रामपंचायतीत लेखी द्या. फिट येत नसेल तर पोहायला शिकवा. इथल्या मुलांना पाठीला डबा बांधून विहिरीत शिकवतात, तसं पंचविशीतही शिकवता येतं, वेळ जास्त लागतो. अंगावर रोजचे कपडे असतानाही सराव द्या, कारण पडायची वेळ येते तेव्हा कुणी चड्डी बदलून पडत नाही.

गळ्यात किंवा मनगटात नाव-फोन कोरलेली पट्टी घाला. काहींना अंगावर धातू सहन होत नाही; मग शर्टाच्या आतल्या बाजूला नंबर शिवा. वाडीतल्या लोकांना, आशाताईंना, पोलीस पाटलांना आणि रिक्षा स्टँडवर एकदा स्पष्ट सांगून ठेवा: हा दिसेनासा झाला तर आधी पाणी शोधा. देऊळ, बस थांबा, मामाचं घर नंतर. हाक मारली तर तो ओ देईलच असं नाही, तेव्हा नुसत्या हाका मारत फिरू नका, प्रत्येक विहिरीत डोकावून बघा.

तिसरी पायरी: फिट

ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमता असेल तर पाचात एकाच्या आसपास लोकांना फिट येते. काहींना ती पहिल्यांदा वयात येताना येते, तेव्हा ‘लहानपणी कधी आली नव्हती’ यावर विसंबून राहू नका. दरवेळी माणूस धाडकन पडून झटके देतो असंही नाही. मध्येच टक लावून गप्प होणं, ओठ चावत राहणं, एकच हात फडफडणं हेही फिटचं रूप असू शकतं, आणि स्वमग्न माणसात ते ‘त्याची सवय’ म्हणून सुटून जातं. शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. पाच मिनिटांच्या तोंडी वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त सांगतो.

फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायची पद्धत अजून आहे. तिने काही होत नाही, वेळ मात्र जातो. झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले किंवा शुद्धीवर न येता पुन्हा फिट आली तर १०८ ला फोन. तुमच्या वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर रस्त्यापर्यंत खुर्चीतून कोण उचलून नेणार हे आधीच ठरलेलं हवं. अशा दूरच्या वाड्यांसाठी नाकात फवारायचं, झटके थांबवणारं मिडाझोलामचं औषध घरी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

गोळ्यांचा एक दिवससुद्धा खंड नको. फिटचे बरेच जीवघेणे प्रसंग गोळी सुटल्यावर ओढवतात. ‘दोन वर्षं आली नाही, आता कशाला’ हा निर्णय घरात घ्यायचा नाही. गावात कुणी म्हणेल बाहेरचं आहे, देवाला कौल लावा. कौल लावायचा तर लावा बापडे, तुमची श्रद्धा. पण गोळी चालू ठेवून. फिट येणाऱ्याने एकट्याने चुलीपुढे बसायचं नाही, विहिरीवर जायचं नाही आणि न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही.

चौथी पायरी: शरीर काय सांगतंय

दाढ दुखते तेव्हा बाकीची माणसं गालाला हात लावतात. काही स्वमग्न माणसं डोकं भिंतीवर आपटतात, जेवायचं सोडतात, रात्रभर फेऱ्या मारतात. घरच्यांना वाटतं वेड वाढलं, डॉक्टरलाही तेच वाटतं, आणि झोपेची गोळी वाढते. वागण्यात अचानक बदल झाला की आधी शरीर तपासायचं: दात, कान, पोट, लघवी, घसा, पायात मोडलेला काटा. हे सगळं ठीक निघालं तरच मनाच्या औषधाकडे वळायचं. डॉक्टरांशी या एका मुद्द्यावर वाद घालावा लागला तरी घाला.

पोटाकडे विशेष लक्ष द्या. भात आणि तळलेला मासा एवढ्यावरच वर्षानुवर्षं जगणारी स्वमग्न माणसं आपल्याकडे बरीच आहेत. भाजी नाही, पाणी कमी, हालचाल नाही, वर मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही बद्धकोष्ठता होते. साधी वाटणारी ही तक्रार आतडं अडण्यापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकते. कॅलेंडरवर शौचाच्या दिवशी टिंब काढा. तीन दिवस टिंब नाही, पोट फुगलंय, उलटी होतेय, तर चूर्ण देत बसू नका, दवाखाना गाठा.

रिस्पेरिडोनसारखी मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर वजन आणि साखर वाढू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतरच्यांची साखर-रक्तदाब तपासणी होते. गोळी चालू असणाऱ्यांनी तिशीची वाट न बघता वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, साखर, चरबी तपासून घ्यावी. रक्त काढू देत नसेल तर आधी दोन-तीनदा नुसतं केंद्रात नेऊन, खुर्चीत बसवून परत आणा. गर्दी नसलेली वेळ नर्सताईंना विचारून घ्या. डेंटिस्टकडेही हाच मार्ग.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. एक, पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढून टाकायचा सल्ला अजूनही दबक्या आवाजात दिला जातो. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर अशा शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा राज्यात मोठा गदारोळ झाला होता. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीने समजून-उमजून, मोकळेपणी संमती दिल्याशिवाय करता येत नाही. पॅड बदलायला चित्रांच्या मदतीने शिकवता येतं; कित्येक मुली ते एखाद्या वर्षात शिकतात. दुसरी गोष्ट लैंगिक छळाची. तो करणारा बहुधा ओळखीचा, घरात येणारा-जाणारा असतो. शरीराच्या कोणत्या भागाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, आणि ‘नाही’ कसं म्हणायचं हे शिकवणं मुलग्यांनाही तितकंच लागतं.

जे बोलतात, नोकरी करतात, त्यांच्याविषयी

हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः स्वमग्न असतील. शाळेत पहिला नंबर, पुढे बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि ‘थोडा विचित्र आहे, माणसांत मिसळत नाही’ एवढीच ओळख. निदान झालंच तर पस्तिशी-चाळिशीत. दिवसभर इतरांसारखं वागण्याचा ताण सोसून घरी आल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. जास्त आत्महत्या याच गटात दिसतात, आणि घरात कुणाला कल्पना नसते, कारण रडणं, बोलून दाखवणं अशी नेहमीची लक्षणं इथे दिसतीलच असं नाही. ज्या गोष्टीत तो तासन्‌तास रमायचा तीच सोडून देतो, झोप उलटीपालटी होते, बोलणं आणखी तुटक होतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. असं दिसलं तर आडवळणाने विचारू नका. ‘मरून जावंसं वाटतं का?’ असा सरळ प्रश्न विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि स्वमग्न माणसाला सूचक बोलण्यापेक्षा सरळ प्रश्न समजतो.

बागायतदारांच्या घरात आंब्यावर फवारायची औषधं पडवीत किंवा मांगरात उघडी पडलेली असतात. ती कुलपात ठेवा, किल्ली घरच्या एकाच माणसाकडे. हाताशी साधन नसणं यानेच अनेक जीव वाचतात. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. समोरासमोर दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी परतणारे पुष्कळ असतात. ‘मनोरुग्णालयात गेला’ असं वाडीत होईल, ही भीती मला कळते. तरी जा.

पाचवी पायरी: कागद, आणि ते याच क्रमाने

सगळ्याचं मूळ म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग जिल्हा रुग्णालयाच्या मंडळासमोर तपासणी. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एक हवं. अर्ध्या फेऱ्या यातच जातात. मंडणगड-दापोलीहून रत्नागिरीला जायचं म्हणजे पूर्ण दिवस मोडतो, म्हणून मंडळ कोणत्या वारी बसतं आणि मानसोपचारतज्ज्ञ त्या दिवशी आहेत का हे आधी फोनवर पक्कं करा.

ऑटिझमसाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा त्यावर आली तर ऑटिझम धरतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना लागू होतात. इथे आई-वडील एक गोड चूक करतात. डॉक्टरांपुढे पोराचं कौतुक सांगत बसतात. कौतुक घरी करा. तिथे वही काढा आणि वाईट दिवस कसा असतो ते वाचून दाखवा. ज्यांच्याकडे जुनं ‘मतिमंद’ असा शेरा असलेलं प्रमाणपत्र आहे, त्यांनीही मंडळाला ऑटिझमची वेगळी नोंद मागावी. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात स्वमग्नता स्वतंत्र आहे.

कार्ड हाती आलं की पुढचं तुलनेने भराभर होतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येते. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, हप्ता अगदी नाममात्र, पण दरवर्षी नूतनीकरण लागतं. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे ग्रामसभेत उठून विचारा, कारण न विचारलेला हा निधी बऱ्याचदा पडून राहतो. विहिरीची जाळी यातून मागून बघायला काय हरकत आहे? एसटीची सवलत तर आहेच.

वडील किंवा आई सरकारी नोकरीत, शिक्षक वगैरे असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाकडे खास लक्ष द्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते वयाची अट न लावता आयुष्यभर मिळू शकतं. पण त्याचं नाव आणि दिव्यांगत्व नोकरदाराच्या हयातीतच कार्यालयाच्या कागदावर आलेलं बरं. मागाहून भावाने सिद्ध करत बसायचं म्हणजे वर्षं जातात. खासगी नोकरीतल्या भविष्यनिधीच्या पेन्शनमध्येही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्यासाठी अशी तरतूद आहे.

सहावी पायरी: सही कोणाची, जमीन कोणाची

मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडिलांचं पालकत्व कायद्याने संपतं. बौद्धिक अक्षमता कितीही असो, चाळीस वर्षांच्या मुलाच्या खात्यावर आईची सही आपोआप चालत नाही. त्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. बँका हे प्रमाणपत्र मानतात, रिझर्व्ह बँकेनेच तसं सांगितलेलं आहे. पालकाने मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यायची असते आणि दरवर्षीचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत. हिशेबाची ही कटकट माझ्या मते चांगलीच आहे. उद्या पालक भाऊ असेल तेव्हा तीच राखण करील.

आधी स्वतः आई-वडिलांनी पालक व्हावं आणि पुढचा पालक कोण हे लेखी सुचवून ठेवावं. ज्या स्वमग्न माणसाला स्वतःचे व्यवहार समजतात, त्याच्यावर मात्र पालकत्व लादू नका. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यात ठरावीक कामापुरते दोघं मिळून निर्णय घेतात. बऱ्याच जणांना तेवढंही लागत नाही, बँकेत सोबत कुणीतरी पुरतं.

आता जमीन. आपल्याकडे सातबारा म्हणजे पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईला, काही परलोकात. वडील वारले की वारस नोंद होते आणि लगेच ‘याचं हक्कसोडपत्र करून टाकू, तसंही सांभाळणार आम्हीच’ असा सूर निघतो. हिंदू वारसा कायद्याचं २८ वं कलम स्पष्ट आहे: आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही. त्याचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या. ज्याला कागद कळत नाही त्याचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र कोर्टात टिकेल याची खात्री नाही, आणि टिकलं तर ते जास्तच वाईट. भावांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण भावानंतर पुतण्या येतो, आणि पुतण्याने काकाला लहानपणी चार मे महिन्यांपलीकडे पाहिलेलं नसतं.

मृत्युपत्र करा, नोंदणीकृत करा. उत्पन्न बऱ्यापैकी असेल, बाग, भाड्याचा गाळा, ठेवी, तर मृत्युपत्रातून किंवा हयातीतच त्याच्या नावाने खासगी विश्वस्त निधी करता येतो. एक घरचा विश्वस्त, एक बाहेरचा. पैसे त्याच्या हातात किंवा एकट्या भावाच्या हातात न पडता त्याच्या खर्चासाठी महिन्याला सुटतात. हे तालुक्यातल्या चांगल्या वकिलाकडूनच करून घ्या.

सातवी पायरी: तालीम

वही, औषधं, कागद सगळं झालं तरी मुख्य प्रश्न उरतो: राहणार कुठे, कुणाबरोबर? उत्तरं तीन असतात. भावंडांकडे मुंबईत, गावच्याच घरात पगारी माणसाबरोबर, किंवा निवासी संस्थेत. चाळिशीपर्यंत खळ्यात-परड्यात वावरलेल्या माणसाला विरारच्या वन-रूम-किचनमध्ये नेऊन ठेवणं मला बहुतेक वेळा पटत नाही, पण प्रत्येक घराचं गणित वेगळं. उत्तर कोणतंही असो, आई असतानाच त्याची तालीम झाली पाहिजे. तिच्या दिवसकार्यानंतर नव्हे.

गणपतीत सगळे चाकरमानी येतात म्हणून तीच वेळ निवडावीशी वाटते. नको. आरत्या, ढोलकी, फटाके, अनोळखी माणसं. तो आधीच बेजार असतो. गणपती गेल्यावर एका भावंडाने चार दिवस मागे थांबावं आणि आईने माहेरी किंवा बहिणीकडे जावं. घर तेच, जेवणाची वेळ तीच, फक्त माणूस बदललेला. भावंडाने वहीप्रमाणे चालायचं आणि वहीत जे राहून गेलं त्याची भर घालायची. पुढच्या खेपेला आठ दिवस.

संस्था बघायची असेल तर नॅशनल ट्रस्टची ‘समर्थ-सह-घरौंदा’ योजना प्रौढांच्या निवासासाठी आहे, पण जागा मर्यादित आणि बऱ्याच संस्था मुंबई-ठाणे-पुण्याकडे. बघायला जाल तेव्हा न कळवता, जेवणाच्या वेळी जा. रात्री किती माणसं कामावर असतात, फिट आली तर कुठे नेतात, गेल्या काही वर्षांत तिथे कोण वारलं आणि कशाने, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला चिडणाऱ्या ठिकाणी माणूस ठेवू नका.

दिवस रिकामा जाऊ नये हाही तालमीचाच भाग. काजूगराची वर्गवारी, आंब्याच्या पेट्यांत कागद आणि गवत लावणं, नर्सरीत पिशव्या भरणं ही एकसारखी, आवाज कमी असलेली कामं अनेकांना जमतात. अडचण जूनमध्ये येते. हंगाम संपला की काम संपतं आणि बसवलेली घडी विस्कटते. पावसाळ्यासाठी दुसरं काम आधीच शोधून ठेवा, आणि मोबदला त्याच्याच खात्यात जमा होऊ द्या, शे-दोनशे का असेना.

दरवर्षी मे अखेर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना होती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा औषधांची दुकानंच बुडाली. म्हणून पाऊस लागायच्या आत फिटच्या आणि इतर रोजच्या गोळ्यांचा किमान महिन्याभराचा साठा, पाणी न शिरणाऱ्या डब्यात. बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, त्याला चालणारं खाणं, कान झाकायचे हेडफोन. वीज जाणार, रस्ता बंद होणार, शाळेत राहायला जावं लागू शकतं, हे त्याला चित्रं दाखवून आधी सांगून ठेवा.

त्याच दिवशी फाईल उघडा. एका पानावरची औषधांची मात्रा बदलली असेल तर नवीन पान करून जुनी सगळ्यांकडून मागून घ्या. निरामयचं नूतनीकरण, हयातीचा दाखला, युडीआयडीची मुदत, पालकत्वाचा हिशेब. विहिरीच्या जाळीची बिजागरी गंजली असेल तर लोहाराला बोलवा. पाऊस सुरू झाल्यावर तो यायचा नाही.